सातबाऱ्याचें पान आणि त्यामागील निर्णय

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चौसाळा नांवाचें गांव आहे. बीड तालुक्यांतील हें एक महसुली मंडळाचें ठिकाण. समजा, या गांवीं वडिलोपार्जित जमीन असलेलें एखादें कुटुंब पुण्यास स्थायिक झालेलें आहे. पूर्वीं त्या घरांतील कर्त्या माणसास जमिनीचा उतारा पाहिजे असला, म्हणजे रजा, एस. टी.चा प्रवास आणि तलाठ्याची गांठ एवढ्या गोष्टी जुळून याव्या लागत. आज तोच गृहस्थ आपल्या दिवाणखान्यांत बसून महाभूलेख हें संकेतस्थळ उघडतो. जिल्हा बीड, तालुका बीड, गांव चौसाळा अशी निवड करतो, गट क्रमांक लिहितो, आणि पाहतां पाहतां सातबाऱ्याचें पान त्याच्या पुढ्यांत उभें राहतें. त्याला वाटतें कीं, कोठल्याशा सरकारी कपाटांत हें पान ठेवलेलें होतें व तें कोणीं तरी काढून आपल्याला दाखविलें. हा समज स्वाभाविक आहे. पण तो खरा नव्हे. मागणी येण्यापूर्वीं तें पान कोठेंच नव्हतें. मागणीसरशी तें घडलें, आणि खिडकी मिटतांच तें पुन्हां नाहींसें होईल.

मग आधीं होतें तें काय? दोन अगदीं निराळ्या वस्तु होत्या. एकीकडे संगणकाच्या दप्तरांतील नोंदी होत्या: खातेदाराचें नांव, क्षेत्र, आकार, बोजा, फेरफाराचा क्रमांक. त्या नोंदींबरोबर त्यांना लागू असलेले नियम होते: कोणती नोंद ग्राह्य धरावयाची, कोणती अद्याप प्रलंबित आहे, कोणत्या क्षेत्राची बेरीज करावयाची व कोणतें त्यांतून वगळावयाचें. दुसरीकडे एक रिकामा साचा होता: वर शासनाचें नांव, खालीं रकाने, रकान्यांवर मथळे, मधून मधून रेघा. संगणकाच्या व्यवसायांतील लोक पहिल्या भागास ॲप्लिकेशन लॉजिक म्हणतात आणि दुसऱ्यास टेम्पलेट म्हणतात. येथें पहिल्यास निर्णय आणि दुसऱ्यास साचा म्हटलें तरी चालेल. या दोहोंचा संसार एका घरांत थाटावा कीं दोन घरांत, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिरांचा खाजगी प्रश्न वाटतो. परंतु जमिनीचा, कराचा आणि हक्काचा जो आंकडा नागरिकापुढें येतो त्याचा खरेपणा पुष्कळ अंशीं या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

मौज अशी कीं, हा विवेक महसूल खात्यास संगणकाच्या फार पूर्वींपासून ठाऊक आहे. महसुली कामकाजांत गांवच्या दप्तराचे क्रमवार नमुने ठरलेले आहेत. त्यांतील सातवा नमुना हा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कोणाची हें सांगणारा; आणि बारावा ही पिकांची नोंदवही. हे दोन्ही एका कागदावर येतात म्हणून त्या कागदाला सातबारा हें नांव पडलें. आतां जमिनीची खरेदी झाली, वांटणी झाली, किंवा खातेदार मृत्यु पावला, तर तलाठी सातबाऱ्यावरील नांव खोडून तेथें दुसरें नांव लिहीत नाहीं. तसें करण्याचा त्याला अधिकारच नाहीं. (तलाठी हें नांव लोकांच्या तोंडीं कायम असलें तरी पदनाम आतां ग्राम महसूल अधिकारी असें झालें आहे.) बदल प्रथम फेरफाराच्या नोंदवहींत, म्हणजे गांवनमुना सहामध्यें, चढतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यांतील कलम १५० प्रमाणें त्या नोंदीची प्रत चावडींत लावावी लागते, हितसंबंध असणारांस सूचना द्यावी लागते. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहींत लिहिली जाते. आणि मंडळ अधिकाऱ्यासारख्या वरिष्ठानें नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर होतो. म्हणजे निर्णय एका वहींत होतो, आणि त्याचें दर्शन दुसऱ्या कागदावर घडतें. ज्या कागदावर दर्शन घडतें त्या कागदाला निर्णय घेण्याची मुभा नाहीं. वेबच्या कारागिरांनीं पुढें मोठ्या खटाटोपानें जें तत्त्व शोधून काढलें, त्याचें सार या एका वाक्यांत आहे.

याच दप्तरांत दुसरेंही एक उदाहरण आहे. सातबारा हा जमिनीच्या तुकड्याप्रमाणें लिहिला जातो. एका गटाचा एक उतारा. पण एकाच माणसाचे तीन ठिकाणीं तीन तुकडे असले, तर त्याची एकूण जमीन किती हें सातबाऱ्यावरून एकदम समजत नाहीं. त्याकरितां आठ-अ हा नमुना आहे. तो खात्याप्रमाणें लिहिला जातो. वस्तुतः आठ-अ मध्यें नवें असें कांहींच नाहीं. तीच जमीन, तींच नांवें, फक्त पाहण्याची बाजू निराळी. हातानें लिहिण्याच्या काळांत हे दोन्ही कागद वेगवेगळे लिहिले जात आणि वेगवेगळे बेरजेस लागत. त्यामुळें एकांत झालेली दुरुस्ती दुसऱ्यांत उतरावयाची राहून जाण्याचें भय नेहमींच असे. नोंद एकच ठेवावी आणि तिचीं दर्शनें हवीं तितकीं घडवावीं, हा त्यावरील खरा उपाय. तो उपाय कागदावर जवळजवळ अशक्य होता. संगणकावर तो सहज शक्य झाला. मात्र एका अटीवर: दर्शन घडविणाऱ्या साच्यानें स्वतः बेरीज करावयास बसूं नये.

चौसाळ्यासारख्या गांवाच्या दप्तरानें रूपाचे पालट पुष्कळ पाहिले आहेत. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि तेथील राजभाषा उर्दू होती. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. लिपि बदलली, रकान्यांचे मथळे बदलले, एकर-गुंठ्यांच्या जागीं हेक्टर-आर आले. परंतु बालाघाटाच्या डोंगरांतील शेताचा बांध या कोणत्याही फेरबदलानें इंचभर हलला नाहीं. मजकूर स्थिर राहिला आणि त्याचें रूप पालटत गेलें. प्रत्येक पालटाच्या वेळीं मात्र कोणी तरी लेखणी घेऊन बसे आणि जुन्यावरून नवें उतरून काढी. पीकपाहणीचे रकाने भरून गेले म्हणजे साधारणपणें दर दहा वर्षांनीं सातबाऱ्याचें पुनर्लेखन करावें लागे तें वेगळेंच. उतरून काढतांना एखादा शून्य गळे, एखादें नांव वगळलें जाई, आणि रूप बदलण्याच्या निमित्तानें मजकुरास धक्का लागे. रूप आणि मजकूर एकाच शाईनें, एकाच कागदावर जखडलेले असल्याचा हा परिणाम होता.

संगणक आला म्हणजे ही अडचण आपोआप दूर होईल असें वाटण्यासारखें होतें. पण आरंभीं तसें झालें नाहीं. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं वेबची जी कल्पना मांडली ती १९९१ सालीं जगास खुली झाली. तेव्हांचीं पानें पुस्तकाच्या पानांसारखीं आधींच लिहून ठेवलेलीं असत. त्यांत निर्णयाचा प्रश्नच नव्हता. पुढें लोकांना मागणीबरोबर घडणारीं पानें हवींशीं वाटूं लागलीं. १९९५ सालीं रॅस्मस लेर्डोर्फ यांनीं पीएचपी या नांवाचीं साधनें प्रसिद्ध केलीं. पीएचपीच्या पद्धतींत पानाच्या मजकुरांतच, दोन ओळींच्या मध्यें, संगणकास द्यावयाची आज्ञा लिहितां येई. येथें मथळा लिहा, त्याखालीं दप्तरांतून नांव काढण्याची आज्ञा लिहा, पुढें रकाना लिहा, त्यांत क्षेत्राची बेरीज करण्याची आज्ञा लिहा. हें इतकें सोपें होतें कीं, हजारों माणसें थोड्या दिवसांत स्वतःचीं पानें घडवूं लागलीं. या सोयीचे उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु सोपेपणाच्या पोटांतच पुढची अडचण दडलेली होती. आज एक आज्ञा, उद्यां दुसरी, परवां तिसरी, असें करतां करतां पानाच्या रेघांमध्यें कायदा जाऊन बसला. कोणता नियम कोठें लिहिला आहे हें लिहिणारासही सांगतां येईना. आणि अक्षराचा रंग बदलावयास गेलेला माणूस नकळत हिशेबाची ओळ पुसून येऊं लागला.

हें संकट कसें ओढवतें तें एका खऱ्या योजनेच्या नियमावरून पाहतां येईल. २०१९ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें प्रधानमंत्री किसान सन्मान निधि ही योजना सुरू केली. वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांनीं. आरंभीं अट अशी होती कीं, शेतकरी कुटुंबाची लागवडीयोग्य जमीन २ हेक्टरांपेक्षां अधिक नसावी. त्याच वर्षाच्या मध्यास ही मर्यादा काढून टाकण्यांत आली आणि, वगळलेले कांहीं वर्ग सोडून, सर्व जमीनधारक कुटुंबांना ती खुली झाली. आतां कल्पना अशी करावी कीं, एखाद्या खातेदाराच्या उताऱ्यावर एकूण क्षेत्र २ हेक्टर १० आर आहे आणि त्यांपैकीं १५ आर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, आहे. लागवडीयोग्य क्षेत्र १ हेक्टर ९५ आर. म्हणून पहिल्या अटीप्रमाणेंही तो पात्र. आतां अशीही कल्पना करावी कीं, अर्जाचें पान एका कारागिरानें लिहिलें आणि कार्यालयांतील तपासणीचें पान दुसऱ्यानें. आणि पात्रतेची कसोटी प्रत्येकानें आपापल्या पानांत घातली. पहिल्यानें पोटखराबा वजा केला, दुसऱ्यानें एकूण क्षेत्र धरलें. अर्जाच्या पानावर त्या शेतकऱ्यास ‘आपण पात्र आहां’ असें वाचावयास मिळेल आणि कार्यालयांत त्याचा अर्ज नामंजूर होईल. दोघांपैकीं कोणीही लबाडी केलेली नाहीं. संगणकही खोटें बोललेला नाहीं. एक नियम दोन ठिकाणीं लिहिला गेला, आणि दोन ठिकाणीं लिहिलेला नियम फार दिवस एक राहत नाहीं, एवढेंच घडलें. पुढें मर्यादा रद्द झाली, तेव्हां ती प्रत्येक पानांतून शोधून काढावी लागेल. आणि एखाद्या कोपऱ्यांतील पानांत ती शिल्लक राहिली तर रद्द झालेला कायदा तेथें खुशाल अंमल चालवीत राहील.

याच्या उलट, ‘हें कुटुंब पात्र आहे काय?’ या प्रश्नाचें उत्तर देणारी जागा एकच असेल, आणि सगळीं पानें तिच्याकडे जाऊन उत्तर तेवढें आणून दाखवीत असतील, तर नियम एका ठिकाणीं बदलला कीं सर्वत्र बदलतो. पानांना त्याची वार्ताही नसते. नियम बदलला, रूप तसेंच राहिलें.

आणि रूप बदलून मजकूर तसाच राहिल्याचें उदाहरण तर सातबाऱ्यानेंच घालून दिलें आहे. २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें सातबाऱ्याचा सुधारित नमुना अंमलांत आणला. गांवाच्या नांवाबरोबर त्याचा सांकेतिक क्रमांक आला. लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा आणि दोहोंची बेरीज हीं वेगवेगळीं दिसूं लागलीं. शेतजमिनीचें क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरांत आणि बिनशेती जमिनीचें आर-चौरस मीटरांत दाखविण्याचें ठरलें. शेवटचा फेरफार क्रमांक व त्याची तारीख खालीं आली. प्रलंबित फेरफार असल्यास त्याचा उल्लेख आला. जुने फेरफार क्रमांक स्वतंत्र रकान्यांत गेले. एका खातेदाराचें नांव दुसऱ्याच्या नांवांत मिसळूं नये म्हणून मध्यें रेघ आली. जुन्या काळीं एवढा पालट म्हणजे राज्यांतील प्रत्येक गांवच्या दप्तराचें पुनर्लेखन झालें असतें. या वेळीं कोणत्याही तलाठ्यास लेखणी हातीं धरून उतारे उतरून काढावे लागले नाहींत. नोंदी दप्तरांत होत्या तशाच राहिल्या. त्यांच्यावरील झगा तेवढा बदलला. पुढें १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू होऊन शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करूं लागला, तेव्हांही बाराव्या नमुन्याकडे नोंद येण्याचा मार्ग बदलला. पण सातव्या नमुन्यांतील मालकीच्या नोंदीस त्याचा स्पर्श झाला नाहीं. एका पानावर शेजारीं शेजारीं दिसणाऱ्या दोन गोष्टी दोन निराळ्या दारांनीं आंत येतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

हें तत्त्व शास्त्र म्हणून मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न वेबच्याही आधींचा आहे. १९७९ च्या सुमारास त्रिग्वे रेन्सकाउग हे नॉर्वेचे शास्त्रज्ञ अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत काम करीत होते. त्यांनीं संगणकीय कार्याचे तीन भाग कल्पिले: वस्तुस्थिति जतन करणारा, तिचें दर्शन घडविणारा, आणि माणसाची आज्ञा घेऊन योग्य ठिकाणीं पोंचविणारा. इंग्रजींत त्यांना मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशीं नांवें मिळालीं. महसुली भाषेंत सांगावयाचें तर दप्तर, उतारा आणि अर्ज घेणारा कारकून. पुढें वेबच्या कारागिरांनीं ही विभागणी आपलीशी केली. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत लॉरेन्स या गांवच्या वृत्तपत्राच्या कचेरींत जँगो नांवाची साधनसामग्री जन्मास आली आणि २००५ सालीं ती सर्वांस खुली झाली. वृत्तपत्राच्या कचेरींत बातमी लिहिणारा एक आणि पान लावणारा दुसरा, ही कामाची वांटणी जुनीच. जँगोच्या साच्यांची भाषा मुद्दामच तोकडी ठेवलेली आहे. तिच्यांत मोठाले हिशेब करण्याची सोय नाहीं, आणि ही उणीव नसून तोच तिचा गुण आहे.

२००४ सालीं टेरेन्स पार या अध्यापकांनीं या विषयावर एक निबंध वाचला आणि साच्यांवर पांच निर्बंध घातले. साच्यानें मूळ नोंद बदलूं नये. नोंदींवर हिशेब करूं नये. नोंदींच्या मूल्यांची तुलना करूं नये. नोंद कोणत्या प्रकारची आहे याविषयीं तर्क बांधूं नये. आणि उलट बाजूनें, नोंदींच्या घरांतून येणाऱ्या मजकुरांत रंग, आकार, रेघा यांसारखी सजावट मिसळलेली नसावी. पांचवा निर्बंध विशेष मार्मिक आहे. कारण भेसळ दोन्ही बाजूंनीं होऊं शकते. साचा हिशेबांत लुडबूड करतो हें सहज दिसतें. पण हिशेबाचा भागही पुष्कळ वेळां आंकड्याबरोबर त्याचा पोशाख पाठवितो, आणि मग तो आंकडा छापील कागदावर, मोबाइलवर, किंवा डोळ्यांनीं न दिसणाऱ्या माणसास वाचून दाखविणाऱ्या यंत्रांत नीट बसत नाहीं.

या भेसळीचा अनुभव मराठी लेखनास अक्षराच्या पातळीवर आलेला आहे. युनिकोड ही सार्वत्रिक संकेतपद्धति रूढ होण्यापूर्वीं संगणकावर मराठी लिहिण्याकरितां निरनिराळे फॉन्ट वापरीत. त्यांपैकीं पुष्कळांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. संगणकाच्या दप्तरांत ‘क’ हें अक्षर नोंदलें जात नसे. त्याच्या आकाराची जागा तेवढी नोंदली जाई. तो फॉन्ट असेपर्यंत मजकूर मराठी. फॉन्ट नसला कीं तोच मजकूर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ. अक्षर आणि त्याचें वळण यांत भेद न केल्यामुळें कित्येक लेख, याद्या आणि पत्रें त्यांच्या फॉन्टबरोबर निकामी झालीं. युनिकोडमध्यें अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे. वळण कोणतेंही असो, ‘क’ तो ‘क’च राहतो.

येथें एक शंका येते आणि ती रास्त आहे. साच्यांत विचाराचा लवलेशही नसावा काय? तसें म्हणणें अतिरेकाचें होईल. एका गटाचे खातेदार चार असतील तर नांवाची ओळ चार वेळां यावी लागते; इतर हक्कांत नोंद नसेल तर तो रकाना रिकामा दाखवावा कीं त्यांत आडवी रेघ मारावी, हें ठरवावें लागतें; जुन्या पिढींतील वाचकासाठीं हेक्टरांशेजारीं एकर-गुंठे दाखवावे लागतात. एवढा विचार रूपाचाच आहे आणि तो साच्यांत शोभतो. सीमा ओळखण्याची खूण साधी आहे. ‘कसें दिसावें’ हा प्रश्न असेल तर तो साच्याचा. ‘काय आहे’ किंवा ‘काय असावें’ हा प्रश्न असेल तर तो निर्णयाचा. शेवटच्या दशांशास आंकडा पूर्ण करून दाखवावा, ही साच्याची मुभा. पण पूर्ण केलेला आंकडा दप्तरांत परत नेऊन ठेवणें हा अपराध. दोन एकर म्हणजे ०.८०९४ हेक्टर. साच्यानें तें ०.८१ असें दाखविलें तर कोणाची तक्रार नाहीं. पण तेंच ०.८१ नोंदींत शिरलें तर शेताचें क्षेत्र कागदावर वाढलें, आणि पुढच्या विक्रींत, पुढच्या वांटणींत ती वाढ कोणाच्या तरी माथीं बसेल. दुसरी खूण अशी: तीच गोष्ट दुसऱ्या एखाद्या पानावर दाखवावयाची झाल्यास हा विचार पुन्हां लिहावा लागेल काय? लागत असेल, तर तो साच्यांत चुकून आलेला आहे.

साच्याकडे मात्र एक काम असें आहे कीं, तें त्यानेंच सावधपणें करावें लागतें, आणि तें सुरक्षिततेचें आहे. वेबच्या भाषेंत कांहीं चिन्हें आज्ञेसारखीं वाचलीं जातात. एखाद्या माणसानें अर्जांत आपल्या नांवाच्या जागीं अशा चिन्हांनीं युक्त आज्ञाच लिहिली, आणि साच्यानें ती जशीच्या तशी पानावर उतरविली, तर तें पान पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाचा संगणक ती आज्ञा पाळावयास लागतो. या मार्गानें परक्याच्या खात्यांत शिरकाव करतां येतो. या धोक्यास क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. त्यावरील उपाय असा कीं, दप्तरांतून आलेलें प्रत्येक अक्षर साच्यानें केवळ अक्षर म्हणूनच मांडावें, त्यास आज्ञेचा मान देऊं नये. जेथें साचा आणि आज्ञा एकमेकींत गुंतलेल्या असतात तेथें ही दक्षता प्रत्येक ओळींत आठवणीनें घ्यावी लागते, आणि आठवण केव्हां ना केव्हां दगा देते. जेथें साचा वेगळा आहे तेथें ही दक्षता दारावरच, एकदांच, सर्वांसाठीं ठेवतां येते.

या विभागणीचे गुण गातांना तिची किंमत लपवूं नये. घरगुती समारंभाचें एक पान करावयाचें, तर त्यासाठीं तीन खात्यांचें कार्यालय उभारणें हास्यास्पद होय. चार ओळींच्या कामास पीएचपीची जुनी सोय अद्यापही पुरेशी आहे. शिवाय भागांची वांटणी वाढत गेली कीं एका साध्या दुरुस्तीसाठीं पांच ठिकाणीं हिंडावें लागतें, आणि काम शिकणाऱ्या नवख्यास वाट सांपडत नाहीं. म्हणून विभागणी किती करावी हें कामाच्या वजनावर ठरवावें. ज्या पानावर कोणाचें देणेंघेणें अवलंबून नाहीं त्यास सैल बांधणी चालेल. ज्या पानावर कर्ज, वारसा किंवा नुकसानभरपाई ठरते त्यास चालणार नाहीं.

आणखी एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. साचा कितीही स्वच्छ असला तरी दप्तरांत चूक असेल तर तो ती चूकच स्वच्छ अक्षरांत दाखवील. सातबाऱ्याचें संगणकीकरण होतांना हस्तलिखितावरून नोंदी उतरवितांना पुष्कळ चुका राहिल्या. म्हणूनच २०१७ सालीं गांवोगांव चावडीवाचन करून खातेदारांना आपल्या नोंदी पडताळण्याची संधि देण्यांत आली. आणि लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठीं जमीन महसूल अधिनियमाचें कलम १५५ आजही आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. पण स्वाक्षरीनें उताऱ्याचा खरेपणा सिद्ध होतो, मूळ नोंदीचा नव्हे. कायद्यानें, कलम १५७ प्रमाणें, अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणून चुकीच्या नोंदीचें ओझें शेवटीं नागरिकाच्याच खांद्यावर पडतें. विभागणीचा येथें उपयोग एवढाच, पण तो लहान नव्हे: चूक सांपडली म्हणजे ती कोठें दुरुस्त करावयाची हें निश्चित सांगतां येतें. पानावर गेलेली रेघ साच्यांत, चुकीची बेरीज नियमांत, चुकीचें नांव फेरफाराच्या रीतसर मार्गानें दप्तरांत. भेसळ असेल तर तिन्ही चुका एकसारख्या दिसतात, आणि त्यांचा न्याय करावयास कोणीच धजत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित घरांतूनही आज मालमत्ता कराचें देयक, मिळकत पत्रिका, मुलांच्या परीक्षेचा निकाल, अशीं किती तरी पानें रोज उघडलीं जातात. तीं मागणीसरशीं घडतात आणि मिटतांच विरून जातात. एकच आंकडा दोन पानांवर दोन प्रकारें दिसला, तर वाचणारानें नुसतें यंत्रास दूषण देऊं नये. हा नियम कोठें ठरतो आणि तो एकाच ठिकाणीं ठरतो काय, असा प्रश्न विचारावा. चौसाळ्याच्या त्या गटाचा उतारा पुण्यांत पाहणाऱ्या गृहस्थास पानाच्या रेघा सुबक दिसल्या तर उत्तमच. पण त्याच्या हक्काचें रक्षण त्या रेघा करीत नाहींत. चावडींत नोटीस लागली, हरकत ऐकली गेली, नोंद प्रमाणित झाली, आणि पानानें ती मुकाट्यानें, स्वतःची एक मात्राही न मिळवितां, त्याच्यापुढें ठेवली; त्याचें रक्षण यांत आहे.